एका फ्रेमला नव्वद मिनिटे

व्हिडिओ गेममधल्या माणसांच्या केसांकडे तुम्ही कधी नीट पाहिले आहे काय? जुन्या गेममध्ये डोक्यावर केस नसतच, केसांच्या रंगाची टोपी असे. नायक धावला, पडला, पाण्यात बुडाला, तरी ती टोपी हलत नसे आणि ओलीही होत नसे. खेळणाऱ्याला त्याचे काही वाटत नसे. आता अशा एखाद्या गेमवरून चित्रपट काढायचा ठरला, आणि त्यातील माणसेही नटांऐवजी संगणकानेच काढायची ठरली, तर ती टोपी चालेल काय?

हा प्रश्न जपानमधील हिरोनोबू साकागुची यांच्यापुढे खरोखरच उभा राहिला होता. 'स्क्वेअर' या कंपनीत असताना त्यांनी १९८७ साली 'फायनल फँटसी' हा गेम तयार केला. तो लोकप्रिय झाला, त्याचे भाग निघत गेले आणि १९९७ सालचा सातवा भाग तर जगभर गाजला. पुढे साकागुचींनी चित्रपट दिग्दर्शित करायचे ठरवले. गेमचे दिग्दर्शन त्यांनी पुष्कळ केले होते, चित्रपटाचे मात्र ही पहिलीच वेळ. मोतोनोरी साकाकिबारा हे त्यांचे सहदिग्दर्शक. कंपनीने हवाई बेटांवरील होनोलुलू येथे त्यासाठी खास स्टुडिओ उभारला. सुमारे दोनशे माणसे चार वर्षे राबली, १३ कोटी ७० लाख डॉलर खर्च झाले आणि जुलै २००१ मध्ये 'फायनल फँटसी : द स्पिरिट्स विदिन' पडद्यावर आला. गेममधील गोष्ट त्यात जवळजवळ नव्हतीच. सिड हे नाव तेवढे गेम खेळणाऱ्यांच्या ओळखीचे होते. नायिका अकी रॉस ही २०६५ सालातील एक शास्त्रज्ञ.

आता थोडे गणित करू. वही-पेन्सिल घेऊन बसलात तर उत्तम.

गेममध्ये पडद्यावर सेकंदाला तीस चित्रे उमटतात असे धरा. म्हणजे एका चित्रासाठी संगणकाला १/३० सेकंद मिळतो. तेवढ्यातच तुम्ही कोणते बटण दाबले ते पाहायचे, शत्रू कोठे आहे ते ठरवायचे आणि चित्रही काढायचे! चित्रपटाचे तसे नाही. तेथे चित्र आधी काढून ठेवता येते. या चित्रपटातील १,४१,९६४ फ्रेम संगणकाने काढल्या आणि एका फ्रेमला सरासरी नव्वद मिनिटे लागली. नव्वद मिनिटे म्हणजे ५,४०० सेकंद. त्याला १/३० ने भागा. गेमच्या मानाने १,६२,००० पट वेळ!

एकाच संगणकाला हे काम दिले असते तर सुमारे २,१३,००० तास, म्हणजे चोवीस वर्षांहून अधिक काळ लागला असता. स्टुडिओत या कामासाठी ९६० संगणक होते. त्यांच्यात वाटणी केली तर उत्तर येते नऊ दिवस. मग चार वर्षे कशाला लागली? कारण संगणक फक्त हिशेब करतो. कशाचा हिशेब करायचा, हे कोणीतरी आधी शोधून सांगावे लागते, आणि मनासारखे होईपर्यंत पुन्हा पुन्हा करून घ्यावे लागते.

येथेच या नव्या दिग्दर्शकाची अडचण इतर नवख्या दिग्दर्शकांपेक्षा वेगळी होती. कॅमेऱ्यासमोर खरी नटी उभी केली की तिचे केस गुरुत्वाकर्षणाने आपोआप खाली लोंबतात, वाऱ्याने आपोआप उडतात, गालावरचा प्रकाश आपोआप परावर्तित होतो. निसर्ग हे सारे फुकट करून देतो. साकागुचींना त्यातील एकही गोष्ट फुकट मिळणार नव्हती.

चेहऱ्याचा आकार त्या मानाने सोपा. तो बारीक बारीक तुकड्यांनी बनवतात. तुकड्यांसाठी त्रिकोण सोयीचे, कारण तीन बिंदू नेहमी एकाच प्रतलात असतात. तीन पायांचे स्टूल डुगडुगत नाही, चार पायांचे डुगडुगते, तोच हा प्रकार. गेममध्ये थोड्या त्रिकोणांत भागवावे लागते, म्हणून जुनी पात्रे कागदी घड्यांसारखी दिसत. तुकडे वाढवले की गाल गोल दिसू लागतो.

केसांचे काम मात्र खरोखरच अवघड. अकीच्या डोक्यावर ६०,००० केस होते. (तुमच्या-माझ्या डोक्यावर साधारण एक लाख असतात, माझ्या बाबतीत आता हा आकडा जरा जास्तच होईल.) एक केस म्हणजे दोऱ्यात ओवलेले दहा मणी आहेत असे समजू. झाले सहा लाख मणी. प्रत्येक मण्यावर गुरुत्वाकर्षण, शेजारच्या मण्यांची ओढ, हवेचा विरोध आणि मान वळली की जडत्व. बलांची बेरीज करा, वस्तुमानाने भागा, त्वरण मिळेल. त्यावरून वेग आणि वेगावरून नवी जागा. न्यूटनचा दुसरा नियम, नववीच्या पुस्तकातलाच! फक्त तो सहा लाख वेळा वापरायचा आणि पुढच्या क्षणासाठी पुन्हा सहा लाख वेळा.

हा 'पुढचा क्षण' किती मोठा घ्यायचा, यात एक गंमत आहे. केस ताठ स्प्रिंगसारखा असतो. समजा, मणी एक सेंटिमीटर उजवीकडे सरकला. त्याच्यावर डावीकडे ओढणारे बल लागले. हेच बल बराच वेळ टिकले असे धरून तुम्ही हिशेब केला, तर मणी मूळ जागा ओलांडून डावीकडे तीन सेंटिमीटर जाईल. आता हूकच्या नियमाने बल तिप्पट होईल, तो उजवीकडे त्याहून लांब जाईल, आणि थोड्याच वेळात नायिकेचे केस आकाशात! म्हणून कालखंड अगदी लहान घ्यावे लागतात आणि हिशेब वाढतो. यावर तोडगा म्हणून सहसा थोड्या मार्गदर्शक केसांचेच पूर्ण गणित करतात आणि मधले केस त्यांच्यावरून भरतात. शेतात दोन टोकांना खुंट्या ठोकून मधल्या ओळी आखाव्यात तसे.

केस जमले. चित्रपट पाहिलेल्यांनी त्यांचे कौतुकही केले. घोडे अडले ते कातडीपाशी.

एक प्रयोग करा. रात्री अंधाऱ्या खोलीत टॉर्च लावून तिच्या काचेवर बोटाचे टोक दाबून धरा. बोट लालसर उजळलेले दिसेल. म्हणजे प्रकाश कातडीवरून नुसता परावर्तित होत नाही. काही प्रकाश आत शिरतो, तेथे त्याचे विकिरण होते, रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा-निळा भाग अधिक शोषून घेते आणि उरलेला लालसर प्रकाश भलत्याच ठिकाणाहून बाहेर पडतो. जिवंत कातडीचा मऊपणा यामुळेच दिसतो. प्रकाश जेथे पडला तेथूनच परत गेला असे धरून हिशेब केला, तर चेहरा प्लॅस्टिकचा वाटतो.

अकीच्या चेहऱ्यावर तीळ होते, बारीक सुरकुत्याही होत्या, पण आतून येणारा हा प्रकाश नीट साधलेला नव्हता. नशीब पाहा. हा हिशेब आटोक्यात आणणारी पद्धत हेन्रिक यान्सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली ती ऑगस्ट २००१ मध्ये, म्हणजे चित्रपट लागल्यानंतरच्या महिन्यात! पुढल्याच वर्षी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या दुसऱ्या भागातील गॉलम या प्राण्याच्या कातडीसाठी अशा तऱ्हेचे तंत्र वापरले गेले.

पण नुसत्या कातडीला दोष देऊन भागत नाही. टोकियोतील यंत्रमानवांचे अभ्यासक मासाहिरो मोरी यांनी १९७० सालीच एक विचार मांडला होता. बाहुली माणसासारखी दिसू लागली की आपल्याला ती आवडू लागते. आणखी साम्य वाढवा, आणखी आवडते. परंतु साम्य अगदी पूर्णत्वाजवळ आले की एकाएकी आवड घसरते आणि अंगावर काटा येतो. आलेख काढला तर तेथे एक दरी दिसते. मोरींचे उदाहरण कृत्रिम हाताचे आहे. दिसायला खरा वाटणारा हात आपण हातात घ्यावा आणि तो गार व निर्जीव लागावा! या दरीचा आकार नेमका असाच असतो काय, याबद्दल पुढील प्रयोगांत एकमत झालेले नाही. पण अकीकडे पाहून अनेक प्रेक्षकांना असेच काहीसे वाटले, हे खरे.

मला वाटते, गेम आणि चित्रपट यांतील फरक येथे कळतो. गेममध्ये सूत्रे तुमच्या हातात असतात. तुम्ही बटण दाबले की पात्र उडी मारते. त्याच्यात जीव आहे असे वाटायला तेवढे पुरते, कारण तो जीव तुम्ही घातलेला असतो. चित्रपटगृहात हात रिकामे आणि डोळे मोकळे. मग डोळे पापण्या तपासतात, ओठ तपासतात. माणसाचा चेहरा तर आपण जन्मापासून वाचत आलेलो असतो.

चित्रपटाने जगभरात साधारण साडेआठ कोटी डॉलर मिळवले. खर्चाशी ताडून पाहा. होनोलुलूचा स्टुडिओ २००२ साली बंद पडला. साकागुचींनी पुढे कंपनी सोडली आणि २००४ साली 'मिस्टवॉकर' ही स्वतःची कंपनी काढून ते पुन्हा गेमकडे वळले.

आज केसांचे आणि कातडीचे हे हिशेब, थोडे काटछाट करून का होईना, चालत्या गेममध्येच सेकंदाच्या लहानशा भागात होतात. एखादा नवा गेम पाहायला मिळाला तर त्यातील माणूस सूर्याकडे पाठ करून उभा राहील अशी वेळ साधा आणि त्याच्या कानाच्या कडेकडे पाहा. ती लालसर उजळलेली दिसली, तर तेथे आतल्या विकिरणाचा काही ना काही हिशेब केलेला आहे असे समजा.