धूर आधी, ज्वाळा नंतर

चुलीपुढे बसलेल्या माणसाला लाकडाचा स्वभाव ठाऊक असतो. फाटी रचून खाली काडी लावली तरी ती लगेच पेटत नाहीत. धुमसतात, डोळ्यांतून पाणी काढतात. मग फुंकणीनं दोन फुंका मारल्या की भक्कन जाळ होतो आणि धूर नाहीसा होतो. तो जातो कुठे? तोच तर पेटलेला असतो!

खात्री करायची असेल तर मेणबत्ती विझवा आणि वातीतून चढणाऱ्या पांढऱ्या धुराला, वातीच्या बोटभर वर, पेटती काडी लावा. ज्योत धुरावरून घसरत खाली वातीवर येऊन बसते. मायकेल फॅरेडे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांना हा प्रयोग करून दाखवत.

लाकडाचंही तेच. तापू लागलं की आधी त्यातलं पाणी वाफ होऊन निघून जातं. सुक्याबरोबर ओलंही जळतं, कारण सुक्याची आच ओल्याचं पाणी आटवून टाकते. दोनशे अंश सेल्सिअसच्या पुढे लाकडाचे मोठाले रेणू तुटू लागतात. आधी हेमिसेल्युलोज, मग सेल्युलोज. लिग्निन सर्वांत सावकाश. त्यांतून जळाऊ वायू आणि डांबरी वाफा सुटतात. पृष्ठभाग सुमारे ३५० अंशांवर पोचला की हा वायू इतका निघतो, की जवळची एक ठिणगी पुरते. त्यासाठी ज्वाळेनं लाकडाला शिवायलाही नको. भर दुपारच्या उन्हाच्या साधारण बारापट धग समोरून येत राहिली, तरी काही मिनिटांत लाकूड त्या टप्प्यावर येतं.

मागे उरतो कोळसा, आणि तोच लाकडाची ढाल होतो. त्यातून उष्णता आत सहज शिरत नाही. म्हणून जाड तुळईला आग मिनिटाला जेमतेम दोन-तृतीयांश मिलिमीटर खाते. उघडा लोखंडी गर्डर तापून वाकतो, तेव्हाही ती तुळई छत तोलून उभी असू शकते.

आता ही आग बंद खोलीत आणा. सोफा पेटला. तप्त धूर छताखाली साचू लागला, त्याचा थर खाली उतरू लागला. थराचं तापमान पाचशे-सहाशे अंशांवर गेलं की त्याची धग जमिनीवर उन्हाच्या वीसपट पडते. मग गालिचा, टेबल, दार असं खोलीतलं सगळं काही एकाच वेळी वायू सोडतं आणि काही सेकंदांत सबंध खोली पेटते. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. यात जमीनसुद्धा जळते, आणि कुणी काही न ओतताही तिच्यावर ओघळल्यासारखे डाग उमटतात.

अमेरिकेतल्या आगतपासनिसांना कित्येक वर्षं हे नीट उमगलं नव्हतं. जमिनीवर डाग दिसले, की पेट्रोल ओतलं. काचेवर जाळीदार तडे दिसले, की आग फार वेगानं भडकली. तुळईवर मगरीच्या पाठीसारखा चकचकीत कोळसा दिसला, की घातपात. हे ठोकताळे गुरूकडून शिष्याकडे गेले. कुणी तपासून पाहिले नाहीत.

डोंगरावर धूर दिसतो म्हणजे तिथे आग आहे, हे न्यायशास्त्रातलं अनुमानाचं ठरलेलं उदाहरण. पण नैयायिकांनी सोबत एक इशाराही देऊन ठेवला आहे, की हे वाक्य उलटं फिरवू नका. लालबुंद तापलेल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर नसतो. धुरासाठी ओलं सरपणही लागतं. पेट्रोल ओतलं तर जमिनीवर डाग पडतात, हे खरं. डाग आहे म्हणून पेट्रोल ओतलं, हे तेच उलटं फिरवलेलं वाक्य.

फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये १९९० साली लाइम स्ट्रीटवरच्या एका घराला आग लागून सहा जण दगावले. मुलाच्या खेळण्यातून सोफा पेटला, असं वाचलेला माणूस सांगत होता. डाग मात्र त्याच्यावर बोट दाखवत होते. सरकार पक्षानं बोलावलेल्या जॉन लेंटिनी आणि जॉन डिहान या तज्ज्ञांनी शेजारचं तसंच एक घर तशाच सामानानं सजवलं आणि पेट्रोलचा थेंबही न वापरता फक्त सोफा पेटवला. पाच मिनिटांच्या आत फ्लॅशओव्हर झाला आणि जमिनीवर तेच डाग उमटले. त्या माणसावरचे आरोप मागे घेतले गेले.

१९९१ साली ओकलंडच्या टेकड्यांवरच्या वणव्यानंतर लेंटिनींनी सहकाऱ्यांसह जळालेली पन्नास घरं पाहिली. त्यांतल्या बारा घरांत काचेवर जाळीदार तडे होते, आणि तिथे कुणीही पेट्रोल ओतलेलं नव्हतं. तापलेल्या काचेवर पाणी पडलं की असे तडे जातात, हे पुढे प्रयोगशाळेत दिसून आलं. २००५ साली लास व्हेगासमध्ये तपासनिसांसाठी खोल्या मुद्दाम पेटवून, फ्लॅशओव्हरनंतर सुमारे दोन मिनिटांनी विझवल्या. आग खोलीच्या कोणत्या चतुर्थांशात सुरू झाली, एवढंच त्यांना सांगायचं होतं. डोळे मिटून बोट ठेवलं तरी चारांतला एक बरोबर यावा. एकेका खोलीत त्रेपन्नांपैकी तिघांचंच उत्तर बरोबर आलं.

टेक्सासमधल्या कोर्सिकाना गावात २३ डिसेंबर १९९१ रोजी कॅमेरॉन टॉड विलिंगहॅमच्या घराला आग लागली आणि त्याच्या तीन लहान मुली गेल्या. जमिनीवरचे डाग आणि काचेवरचे तडे त्याच्याविरुद्ध पुरावा ठरले. तपास विज्ञानाच्या रीतीनं कसा करावा हे सांगणारी, नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनची ९२१ क्रमांकाची मार्गदर्शिका १९९२ साली निघाली. विलिंगहॅमचा खटला त्याच वर्षी चालला, तो मात्र जुन्याच ठोकताळ्यांवर. २००४ साली रसायनतज्ज्ञ जेराल्ड हर्स्ट यांनी हा सगळा पुरावा तपासला आणि घातपात सिद्ध करणारं त्यात काहीच नाही, असा अहवाल दिला. तो अहवाल टेक्सासच्या अधिकाऱ्यांकडे पोचल्यावर काही दिवसांतच, १७ फेब्रुवारी २००४ रोजी, विलिंगहॅमला विषारी इंजेक्शन देऊन देहदंड देण्यात आला.