खरखर असलेली गाणी

दिवाळीच्या सुट्टीआधी नववीच्या वर्गात मी सहज विचारले, अभ्यास करताना गाणी कोण कोण ऐकते? निम्म्याहून अधिक हात वर झाले. काय ऐकता, तर "सर, लो-फाय!" एकाने मधल्या सुट्टीत येऊन माझ्याच मोबाइलवर ऐकवलेही. एक जुने हिंदी चित्रपटगीत, चाल संथ केलेली, मागे पावसाचा आवाज आणि जुन्या तबकडीसारखी खरखर. ऐकायला वाईट नव्हते. गंमत एवढीच की ती खरखर संगणकावर मुद्दाम मिसळलेली होती. ज्या गाण्यांवरून हे नाव रुळले, त्यांत ती नको असताना आलेली असे. त्या मूळ गाण्यांविषयी आज थोडे लिहितो. पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनीही वाचावे, कारण शेवटी त्यांच्याकडे एक मागणे आहे.

हाय-फाय हा शब्द मोठ्यांना ठाऊक आहे. आवाज मूळ गाण्याशी जितका प्रामाणिक, तितका तो हाय-फाय. लो-फाय त्याच्या उलट. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातील डब्ल्यूएफएमयू या रेडिओ केंद्रावर १९८६ मध्ये विल्यम बर्गर यांनी घरी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यांच्या कार्यक्रमाला हे नाव दिले, आणि पुढे ते सगळ्यांच्या तोंडी बसले. इंडी म्हणजे इंडिपेंडंट : मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय, स्वतःच्या खर्चाने किंवा एखाद्या छोट्या प्रकाशकाच्या मदतीने काढलेले संगीत.

हे घरच्या घरी करणे शक्य झाले ते एका यंत्रामुळे. टीॲक या जपानी कंपनीने १९७९ मध्ये पोर्टास्टुडिओ नावाचे यंत्र बाजारात आणले. साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्टे असतात, दोन एका बाजूचे आणि दोन दुसऱ्या बाजूचे. या यंत्राने चारही पट्टे एकाच दिशेने वापरले आणि आवाज बरा यावा म्हणून फीत दुप्पट वेगाने फिरवली. त्यामुळे साठ मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम पंधरा मिनिटे मावत. पण सोय केवढी! पहिल्या पट्ट्यावर गिटार वाजवायची, मग ती ऐकत दुसऱ्यावर गायचे, तिसऱ्यावर आपल्याच आवाजाला आपणच साथ द्यायची. एकटा माणूस चौघांचे काम करू शके. चार पट्टे अपुरे पडले तर पहिले तीन एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि रिकाम्या झालेल्या तिघांवर पुन्हा सुरुवात करायची. मात्र प्रत्येक उतरवणीत फितीचा सू-सू आवाज वाढत जाई. लो-फायची ती प्रसिद्ध खरखर येते ती अशी. तिच्यात कला वगैरे काही नव्हती, फितीचा नाइलाज होता.

ब्रूस स्प्रिंगस्टीन हा तेव्हाच मोठा गायक होता, इंडी मुळीच नव्हे. जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक येथील भाड्याच्या घरात त्याने याच यंत्रावर नव्या गाण्यांचा कच्चा खर्डा करून ठेवला. नंतर वाद्यवृंदाला घेऊन स्टुडिओत ती गाणी पुन्हा करून पाहिली, पण जमेना. खिशात डबीविना वागवलेली ती कॅसेटच अखेर तबकडीसाठी वापरावी लागली आणि सप्टेंबर १९८२ मध्ये 'नेब्रास्का' म्हणून ती बाहेर आली. हा अल्बम मी दहावीच्या वरच्यांनाच सुचवीन. त्यातली काही गाणी गुन्हेगारांच्या तोंडून आहेत, शीर्षकगीत तर एका खऱ्या खुन्याच्या. पालकांनी आधी स्वतः ऐकावे.

आम्हा शिक्षकांना जवळचा वाटावा असा माणूस म्हणजे रॉबर्ट पोलार्ड. ओहायो राज्यातल्या डेटन गावी तो चौथीच्या मुलांना शिकवत असे. शाळा सुटली की मित्रांबरोबर गॅरेजमध्ये नाहीतर तळघरात गाणी. 'गाइडेड बाय व्हॉइसेस' या नावाने १९८६ पासून तो पदरमोड करून थोड्याथोड्या प्रती काढत होता, आणि गावाबाहेर फारसे कोणी ऐकत नव्हते. १९९४ मध्ये 'बी थाउजंड' निघाला, त्याची सर्वत्र चर्चा झाली आणि त्याच सुमारास त्याने नोकरी सोडली. छत्तीस-सदतीस मिनिटांत वीस गाणी! काही एका मिनिटातच आटोपतात. पहिल्यांदा ऐकताना मला अर्धवट वाटली. तिसऱ्या खेपेला कळले की सांगायचे संपले की तो थांबतो, एवढेच. निबंधाला पाने भरणाऱ्यांनी जरूर ऐकावा.

डॅनियल जॉन्स्टन टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात मॅक्डोनाल्डमध्ये कामाला होता आणि भेटेल त्याच्या हातात आपली कॅसेट ठेवी. मुखपृष्ठावरची चित्रेही त्याचीच. सुरुवातीच्या काळात त्याच्याकडे प्रती काढण्याची सोय नव्हती, म्हणून प्रत्येक नव्या माणसासाठी तो सगळी गाणी पहिल्यापासून पुन्हा गाऊन मुद्रित करी असे सांगतात. १९९२ मध्ये निर्वाणाच्या कर्ट कोबेनने त्याच्या 'हाय, हाउ आर यू' या कॅसेटच्या चित्राचा टी-शर्ट घातला आणि नाव जगभर झाले. जॉन्स्टन आयुष्यभर मानसिक आजाराशी झगडला. २०१९ मध्ये तो गेला. आजारामुळे त्याला गाणी सुचली असे काही लोक कौतुकाने म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. आजाराने त्याची कित्येक वर्षे खाल्ली, गाणी त्याने त्यातून वाट काढत केली.

आता अशी गाणी सापडतात कशी? हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर.

टॉम अँड जेरी तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. १९६१-६२ मधले त्याचे तेरा भाग जीन डाइच यांनी दिग्दर्शित केले. या डाइचना घरी ध्वनिमुद्रण करण्याचा छंद होता. १९५४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या त्यांच्या घरी कॉनी कॉन्व्हर्स नावाची एक बाई आली आणि तिने गिटारवर स्वतः रचलेली गाणी म्हटली. डाइचनी ती रिळांवर घेतली. तिची गाणी कोणी प्रकाशित केली नाहीत. तिने गाणे सोडून दुसरे काम धरले. ऑगस्ट १९७४ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, आप्तांना पत्रे लिहून ती आपल्या फोक्सवॅगन गाडीतून निघून गेली. पुन्हा तिचा पत्ता लागला नाही. २००४ मध्ये म्हाताऱ्या डाइचनी एका रेडिओ कार्यक्रमात तिचे गाणे वाजवले. ऐकणाऱ्यांत डॅन झूला नावाचा एक तरुण होता. ते त्याच्या डोक्यातून जाईना. त्याने मित्राच्या साथीने शोध घेतला आणि २००९ मध्ये 'हाउ सॅड, हाउ लव्हली' हा अल्बम निघाला, म्हणजे ध्वनिमुद्रणानंतर पंचावन्न वर्षांनी. ती ऐकायला नव्हती.

सिबिल बायर यांची हकीकत त्या मानाने सुखाची. या जर्मन बाईंनी १९७० ते ७३ च्या दरम्यान घरी रिळांच्या टेपरेकॉर्डरवर गाणी म्हणून ठेवली आणि पुढे संसारात रमल्या. तीसएक वर्षांनी मुलाने ती गाणी सीडीवर उतरवून घरच्यांना भेट दिली. एक प्रत त्याने जे मॅस्किस या संगीतकाराला दिली, त्यांनी ती 'ऑरेंज ट्विन' या छोट्या प्रकाशकाकडे पोचवली आणि २००६ मध्ये 'कलर ग्रीन' बाहेर आला. घरातल्या सर्वांसमोर बिनदिक्कत लावावा असा हा अल्बम आहे. सुरुवात करायची तर इथून करा.

दोन्ही हकीकतींत जाहिरात नाही, स्पर्धा नाही. एका माणसाने दुसऱ्याला सांगितले, "हे एकदा ऐक." मोबाइलवरचे ॲप आपल्याला गाणी सुचवते ते आपण आणि आपल्यासारख्यांनी आधी जे ऐकले त्यावरून. जे कोणीच ऐकलेले नाही, ते त्याला कुठून सुचणार? ते माणसालाच सुचवावे लागते. आणि सुचवतानाही पन्नास गाण्यांची यादी पाठवू नका, कोणी उघडत नाही. एकच गाणे द्या आणि त्यात काय ऐकायचे ते एका वाक्यात सांगा : दुसऱ्या कडव्यात गाणारा चुकतो आणि हसतो, तेवढे ऐक. माझ्या मते शिफारस याहून मोठी असू नये.

हे सगळे दूरदेशीचे वाटेल. पण जात्यावरच्या ओव्या आपल्या आज्या-पणज्या घरातच रचत होत्या. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. कित्येकींचे आवाजही मुद्रित झाले. कोणी गोळा करायला गेले म्हणून त्या आज ऐकता येतात. इंदुरातल्या आपल्या किती घरांतून त्या तशाच विरून गेल्या असतील, त्याला मोजमाप नाही.

आता माझी एक चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनाच्या निवड समितीत मी होतो. एका मुलीने स्वतः रचलेले, आईच्या मोबाइलवर म्हटलेले मराठी गाणे आणून दिले. मागे पंख्याची घरघर होती, मध्येच कुकरची शिट्टी. मी म्हटले, "बाळ, आवाज स्वच्छ नाही, कराओके ट्रॅकवर एखादे चांगले गाणे बसव." ती "हो सर" म्हणाली आणि त्या वर्षी तिने नावच दिले नाही. पुढच्या वर्षीही नाही. कॉन्व्हर्सबद्दल पहिल्यांदा वाचले तेव्हा मला त्या शिट्टीची आठवण झाली.

तेव्हा घरी गाणी करणाऱ्यांसाठी थोडे कामाचे. पंखा बंद करा, मोबाइल हातात न धरता तोंडापासून वीतभर अंतरावर उशीवर ठेवा. भरलेल्या कपाटाचे दार उघडून कपड्यांकडे तोंड करून गायलात तर खोलीचा घुमारा कमी होतो. ध्वनिफितीला नाव आणि तारीख द्या आणि एक प्रत दुसरीकडे ठेवा, कारण मोबाइल हरवतात. एवढे करूनही शिट्टी आलीच तर येऊ द्या.

विश्वस्त मंडळींकडे मागणे असे : यंदाच्या संमेलनाच्या अर्जावर "ट्रॅक जोडणे आवश्यक" ही ओळ आहे, ती काढावी, आणि स्वरचित गाण्यांना अर्धा तास द्यावा. बक्षीस नको, क्रमांक नको. एक माइक आणि एक खुर्ची पुरे.

त्या मुलीला मी मागच्या आठवड्यात गाठले आणि गाणे अजून आहे का म्हणून विचारले. ती आता अकरावीत आहे. "आईच्या जुन्या फोनमध्ये असेल सर, बघते," म्हणाली.