सयामी मांजर : घरीं आणावें कीं न आणावें?

ठाण्याच्या नौपाड्यापासून डोंबिवलीच्या फडके रोडपर्यंत ज्या घरांतून सध्यां मुलांच्या हट्टाची सुनावणी चालूं आहे, त्यांपैकीं कित्येक घरांत हट्टाचा विषय कुत्रें नसून मांजर हा असतो. आणि तेंहि साधें मांजर नव्हे, तर निळ्या डोळ्यांचें, सायीच्या रंगाचें आणि तोंड, कान, पाय व शेपूट तेवढीं शाईंत बुडवून काढल्यासारखें दिसणारें सयामी मांजर. मोबाइलवरील छायाचित्र पुढें केलें जातें, आजोबा चष्मा वर सरकवून तें न्याहाळतात, आजीबाई "किती गोजिरवाणें!" असें म्हणून जातात आणि अर्धा निर्णय तेथल्या तेथें होऊन बसतो. उरलेला अर्धा विचारपूर्वक व्हावा एवढ्यासाठीं हा लेख.

हें मांजर मूळचें सयाम देशाचें. त्या देशानें १९३९ सालीं थायलंड हें नांव घेतलें, तरी मांजराचें नांव जुनेंच राहिलें. तेथील सचित्र पोथ्यांत शुभाशुभ मांजरांचीं लक्षणें पद्यांत दिलेलीं आहेत. आपल्याकडील अश्वलक्षणांच्या ग्रंथांची आठवण व्हावी असाच तो प्रकार. त्यांत ह्या जातीस 'विचियन मात' म्हटलें आहे. १८७१ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनांत हीं मांजरें मांडलीं गेलीं, तेव्हां पुष्कळ प्रेक्षकांनीं नाक मुरडलें. पुढें १८८४ सालीं बँकॉकमधील ब्रिटिश वकिलातींतले अधिकारी गूल्ड यांनीं एक जोडी विलायतेंत आपल्या बहिणीकरितां पाठविली आणि १९०१ पर्यंत तेथें ह्या मांजरांचें स्वतंत्र मंडळहि स्थापन झालें.

त्याच्या रंगाची गोष्ट मोठी मौजेची आहे. अंगास रंग देणारें जें द्रव्य शरीरांत तयार होतें, तें तयार करणारा ह्या मांजरांतील घटक उष्णतेनें निकामी होतो. त्यामुळें पोट, पाठ वगैरे गरम भाग फिके राहतात आणि नाक, कान, पंजे, शेपूट ह्या तुलनेनें थंड टोकांवर तेवढा रंग चढतो. आईच्या पोटांत सगळीकडे सारखीच ऊब असल्यामुळें पिल्लें जन्मतः जवळजवळ पांढरीं असतात. आपल्या कोंकणपट्टीच्या उकाड्यांत तें थंड हवेंतल्या भाईबंदांहून उजळ दिसल्यास नवल नाहीं. शस्त्रक्रियेसाठीं पोटावरील केंस काढले, तर नवे केंस कांहीं काळ काळसर उगवतात. तेवढ्यानें घाबरून वैद्याकडे धांव घेऊं नये.

येथवर सारें कौतुकाचें झालें. आतां अडचणी.

पहिली अडचण आवाजाची. सयामी मांजर बोलतें. साधें मांजर भूक लागली तर ओरडतें. हें मांजर भूक लागली, दार लागलें, दार उघडलें, आपण उठलांत, आपण बसलांत, ह्या प्रत्येक गोष्टीवर आपलें मत देतें, आणि तो स्वर तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखा असतो. एका भिंतीपलीकडे दुसरें बिऱ्हाड असलेल्या इमारतींत शेजाऱ्यांस हें कितपत रुचेल, ह्याचा विचार आधींच केलेला बरा. त्यांतून मादी असेल, तर ती पांचसहा महिन्यांची होतांच माजावर येते आणि रात्रीच्या रात्री जागवते. आपल्या उष्ण प्रदेशांत मांजरांना त्यासाठीं ठराविक ऋतूहि फारसा लागत नाहीं. वेळींच शस्त्रक्रिया करून घेणें हा त्यावर एकच खरा उपाय आहे. गृहनिर्माण संस्थेंतील शेजारी प्राणी पाळण्यासच हरकत घेऊं लागल्यास, संस्थेस तशी सरसकट बंदी घालतां येत नाहीं, असें भारतीय जीवजंतु कल्याण मंडळानें २०१५ सालीं परिपत्रक काढून सांगितलें आहे. परंतु परिपत्रकानें झोंप येत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें.

दुसरी अडचण एकटेपणाची. हें मांजर घराला धरून राहत नाहीं, माणसाला धरून राहतें. ह्या खोलींतून त्या खोलींत मागें मागें हिंडतें, पुस्तक उघडलें कीं त्याच्यावर येऊन बसतें. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली आणि पुढल्याच वर्षीं ती कल्याणला पोहोंचली, तेव्हांपासून ह्या गांवांचें दैनंदिन जीवन गाडीच्या वेळापत्रकावर बेतलें जाऊं लागलें. सकाळीं सातसव्वासातची लोकल गांठणारीं नवराबायको रात्रीं आठाला परततात; अशा दोघांच्या घरांत सयामी मांजर तेरा तास एकटें राहिलें, तर तें झुरतें, कित्येकदां स्वतःचे केंस चाटून चाटून काढून टाकतें. ज्या घरांत आजीआजोबा दिवसभर असतात, दुपारीं मुलें शाळेंतून येतात, तेथें त्याची कळी खुलते. एकत्र कुटुंबाचे फायदे सांगणारीं व्याख्यानें पुष्कळ झालीं; त्यांत ह्या एका फायद्याची भर माझ्यातर्फे घालावी. दोघांच्याच घरांत मांजर आणावयाचेंच असेल, तर एकाऐवजीं दोन पिल्लें एकत्र आणणें अधिक शहाणपणाचें.

तिसरा मुद्दा सर्वांत नाजूक, आणि तो आपल्या घरांपुरता खरा निर्णायक. मांजरास दूधभात घातला कीं झालें, अशी आपली पिढीजात समजूत आहे. वाड्यांतील जें मांजर दूधभातावर पोसलें जातें असें आपण समजत होतों, तें रात्रीं माळ्यावरचे उंदीर आणि परसांतल्या पाली खाऊन आपला आहार पुरा करीत असे. सोंवळ्याच्या स्वयंपाकघरांत त्याला मिळालेली मुभा त्याच्या ह्या बाहेरख्यालीकडे डोळेझांक करूनच दिलेली होती. आठव्या मजल्यावरील बंद घरांत कोंडलेल्या मांजरास हा मार्ग नाहीं. मांजर हा मूळचाच मांसाहारी प्राणी. टॉरिन नांवाचें द्रव्य त्याच्या शरीरांत पुरेसें तयार होत नाहीं आणि तें वनस्पतींत जवळजवळ नसतेंच. तें न मिळाल्यास डोळ्यांतला पडदा झिजतो, हें १९७५ सालीं, आणि हृदयाचा स्नायू दुर्बळ होऊन मृत्यूहि ओढवतो, हें १९८७ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखवून दिलें. दुधाविषयीं म्हणाल, तर पुष्कळशा प्रौढ मांजरांस तें पचतहि नाहीं. तेव्हां शाकाहारी घरानें मांजर पाळावयाचें, तर मासळीचें वा कोंबडीचें तयार खाद्य घरांत येणार, हें उघड्या डोळ्यांनीं मान्य केलें पाहिजे. बंद पुडींतील कोरडे दाणे, गॅलरींत वेगळें भांडें, वाढणारा माणूस ठरलेला, अशी व्यवस्था लावून कित्येक घरांनीं हा पेंच सोडविला आहे. परंतु ही गोष्ट आजीबाईंपासून चोरून करूं नये. पुडीवरील चित्र त्या आज ना उद्यां पाहतीलच. आणि मग मांजर राहतें बाजूलाच, घरांत अबोला धरला जातो. त्यांस आधीं विचारावें. त्यांनीं 'नाहीं' म्हटलें, तर तें प्रामाणिक 'नाहीं' मानून ससा पाळावा. तो पालेभाजी व गवतावर सुखानें राहतो. (देशी पोपटाचा विचार मात्र मनांतहि आणूं नये, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें त्यास पिंजऱ्यांत ठेवणें गुन्हा आहे.) मांजर आणून त्यास आपल्या तत्त्वांकरितां उपाशी ठेवणें मात्र कोणत्याहि शास्त्रांत बसत नाहीं. मांजर मारल्यास काशीस जाऊन सोन्याचें मांजर द्यावें लागतें, असें आपल्याकडे म्हणतात; हळूहळू मारल्यास सूट मिळते, असें ऐकिवांत नाहीं.

घरांत कोणी सून गर्भवती असली, कीं मांजर बाहेर काढण्याची घाई होते, म्हणून तेंहि सांगतों. मांजराच्या विष्ठेंतून टोक्सोप्लाझ्मा ह्या रोगाचे जंतु पसरूं शकतात हें खरें. परंतु विष्ठा बाहेर पडल्यावर ते बाधक होण्यास एक दिवसाहून अधिक काळ जावा लागतो. तेव्हां मातीचें पात्र रोज साफ करावें, आणि तें काम गर्भवतीनें न करतां दुसऱ्या कोणी करावें. तयार खाद्यावर राहणारें व बाहेर न जाणारें मांजर असल्यास भीति आणखीच थोडी. आपल्या वैद्यांचा सल्ला अवश्य घ्यावा. पण मुक्या जिवाला गोणींत घालून खाडीपलीकडे सोडून येण्याचें कारण नाहीं.

खिडक्यांस आणि गॅलरीस बारीक जाळी हवी, कारण मांजर उंचावरून पडत नाहीं ही दंतकथा आहे. पॅरासिटामोलची एक गोळीहि मांजराचा प्राण घेऊं शकते. कांदालसूण त्यास अपायकारक, आणि फुलदाणींतील मोठ्या लिलीच्या फुलांनीं त्याचीं मूत्रपिंडें निकामी होतात. पूर्वीं दुखण्याखुपण्यास परळच्या बाई साकरबाई पेटिट रुग्णालयाकडे धांवावें लागे. आतां ठाणें, कल्याण, डोंबिवली तिन्हीकडे पशुवैद्य आहेत. रेबीजची व इतर रोगांची लस ठरल्या वेळीं द्यावी.

विकत घेतांना डोळ्यांवर भुलूं नये. अगदीं लहानपणीं सगळ्याच पिल्लांचे डोळे निळसर असतात; महिन्यादीड महिन्याच्या पिल्लाचे निळे डोळे दाखवून 'अस्सल सयामी' म्हणणारा विक्रेता कांहींच सिद्ध करीत नाहीं. बारा आठवड्यांचें पिल्लू, आईसकट, तिच्या घरीं जाऊन पाहावें. हें जनावर बारापंधरा वर्षें, कधीं त्याहूनहि अधिक जगतें. आज सातवींत असलेली मुलगी तोंवर नोकरीस लागलेली असेल, कदाचित् परदेशीं गेलेली असेल, आणि मांजर आजीच्या पायाशीं राहील. म्हणून हट्ट कोणाचा ह्यापेक्षां पंधरा वर्षांनीं सांभाळणार कोण, हें आधीं ठरवावें. निव्वळ सोबतच हवी असेल, तर इमारतीच्या फाटकाशीं बसलेलें गांवठी मांजर सोबतींत तिळभरहि कमी पडत नाहीं; त्याचा आवाजहि माफक असतो.

सारें जुळलें आणि आणण्याचें ठरलें, तर दिवाळीच्या आठवड्यांत आणूं नये. फटाक्यांनीं बावरलेलें पिल्लू कपाटामागें शिरतें तें दोनदोन दिवस बाहेर येत नाहीं. तुळशीचें लग्न उरकल्यावर, घरांतील पाहुणे गेल्यावर आणावें. पहिले आठ दिवस एकाच खोलींत ठेवावें. पाणी एका कोपऱ्यांत, मातीचें पात्र त्याच्यापासून दूर दुसऱ्या कोपऱ्यांत. मुलांना त्यास उचलूं देऊं नये, जमिनीवर बसूं द्यावें. तें आपण होऊन जवळ येतें.