या डब्याला कान कुठे आहे?

तुमच्यापैकी काहींच्या घरी टीव्हीखाली एक चपटा काळा डबा असेल. छपरावरच्या तबकडीची तार त्यात येते आणि त्यातून चित्र टीव्हीकडे जाते. आमच्याकडचा डबा कार्यक्रम दाखवतो आणि साठवूनही ठेवतो. त्याचे मालक दोन, मी आणि माझी आत्या. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची, सातवीपर्यंत शिकलेली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा पूर सांगलीत शिरला, त्यात तिचे नदीकाठचे घर बुडाले. तेव्हापासून ती आमच्याकडे असते.

आमचे पहिले भांडण क्रिकेटवरून झाले. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला भारत आणि ऑस्ट्रेलियाची कसोटी चालू होती. शेवटच्या दिवशी पहाटे खेळ सुरू होणार आणि सकाळी माझे ऑनलाइन तास. म्हणून रात्रीच मी डब्याला वेळ लावून दिली. दुपारी मोठ्या उत्साहाने यादी उघडली तर कसोटीचे नावही नाही! भारताने तीन गडी राखून जिंकलेला तो सामना मी नंतर तुकड्यातुकड्यांत पाहिला. चौकशी केल्यावर आत्या शांतपणे म्हणाली, "रोज झोपताना मी भिंतीवरचं बटण बंद करते. टीव्ही बंद झाला ना, मग त्या डब्याला कशाला वीज?"

मी चिडलो, आणि यंत्र कसे चालते यावर तिला एक व्याख्यान दिले. ते तिने ऐकून घेतले आणि विचारले, "बंद असताना तो किती वीज खातो?" मी म्हणालो, "नगण्य."

हे उत्तर मी न मोजता दिले होते. पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला हे शोभत नाही. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून वॉटमीटर आणला. डबा चालू असताना १६ वॉट. रिमोटने 'बंद' केल्यावर १४ वॉट! म्हणजे समोरचा दिवा हिरव्याचा लाल होतो, एवढाच काय तो फरक. आता हिशोब करा. १४ वॉट, दिवसाचे २४ तास, महिन्याचे ३० दिवस. उत्तर येते १०,०८० वॉट-तास, म्हणजे दहा युनिटपेक्षा किंचित जास्त. आत्या रात्रीचे आठ तास बटण बंद करून महिन्याला जवळजवळ साडेतीन युनिटे वाचवत होती. तिचे बरोबर होते.

ही वीज जाते कुठे? दिवा लाल झाला तरी आमच्या डब्यातली चकती फिरतच असते. कान लावला तर बारीक घरघर ऐकू येते. शिवाय छपरावरच्या तबकडीच्या तोंडाशी जी छोटी डबी असते तिलाही वीज लागते, आणि ती याच डब्याकडून, त्याच तारेतून जाते. त्यातही एक गंमत आहे. उपग्रहाकडून येणाऱ्या काही लहरी उभ्या प्रतलात कंप पावतात, काही आडव्या. डब्याने तारेवर १३ व्होल्टचा दाब दिला की डबी उभ्या लहरी निवडते आणि १८ व्होल्ट दिला की आडव्या. एकाच तारेतून खाली चित्र येते आणि वर वीज व हुकूम जातो.

तोड शेवटी आत्यानेच काढली. रात्री काही टिपायचे असेल तर मी भिंतीवरच्या बटणाला लाल रबर अडकवायचे. रबर दिसले की ती बटणाला हात लावत नाही. यात डब्याचे ज्ञान कोणालाच लागत नाही, आणि ही पद्धत आजवर एकदाही चुकलेली नाही.

दुसरा प्रसंग मात्र हसण्यासारखा नव्हता.

माझे वडील तासगावकडे द्राक्षबाग करत. १९९०च्या सुमारास ठिबक सिंचनावरच्या एका कार्यक्रमासाठी त्यांची मुलाखत चित्रित झाली होती. बारा मिनिटे ते बागेतून चालत बोलतात. त्यांची हलती प्रतिमा आमच्याकडे तेवढीच. तो कार्यक्रम त्यांनी व्हिडिओ कॅसेटवर उतरवला होता आणि ती कॅसेट आत्याकडे ठेवायला दिली होती. पुराच्या चिखलात ती गेली. पण २०२० च्या टाळेबंदीत वाहिन्यांवर जुने कार्यक्रम पुन्हा दिसू लागले आणि एके दुपारी आत्याला अचानक आपला भाऊ पडद्यावर दिसला. तिने धावत जाऊन रिमोटचे लाल बटण दाबले. ते बटण तिला माझ्या मुलाने शिकवले होते.

जुलै २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिक तोंडावर आले. डबा 'जागा नाही' म्हणू लागला. यात नवल काही नाही. साध्या टीव्हीचे एक चित्र म्हणजे ७२० गुणिले ५७६, चार लाखांहून जास्त ठिपके. एका ठिपक्याला दोन बाइट धरा आणि सेकंदाला २५ चित्रे. सेकंदाला सुमारे दोन कोटी बाइट होतात! या वेगाने ५०० गिगाबाइटची चकती सात तासांच्या आत भरली असती. म्हणून मागच्या चित्रात आणि या चित्रात काय बदलले, मुख्यतः तेवढेच कळवण्याची युक्ती वापरतात. बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या मागची भिंत दर वेळी नव्याने पाठवावी लागत नाही. अशा संकोचनाने तासाभराचा कार्यक्रम दोन गिगाबाइटच्या आत बसतो आणि चकती अडीचशे तासांना पुरते. आमचे अडीचशे तास संपले होते.

मी यादी उघडली. त्यात शेतीविषयक कार्यक्रमाचे एकच नाव वीस-पंचवीस वेळा होते, आत्या ते नेमाने टिपत असे. एवढी जुनी हवामानाची आणि बाजारभावाची माहिती कोण बघणार, असे म्हणून मी सगळी ओळीने पुसली. डब्याने प्रत्येक वेळी 'नक्की?' असे विचारले, मी प्रत्येक वेळी 'हो' म्हणालो.

वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी आत्या टीव्हीसमोर बसली आणि बराच वेळ यादी खालीवर करत राहिली. मग मला हाक मारून म्हणाली, "दादा कुठे गेला रे?"

तुम्ही विचाराल, पुसलेले परत मिळत नाही का? ग्रंथालयाचे उदाहरण घ्या. एखाद्या पुस्तकाचे सूचिपत्र फाडले तरी पुस्तक कपाटात असतेच. चकतीवरही पुसणे म्हणजे सहसा असे सूचिपत्र फाडणे. नोंद जाते, मजकूर तिथेच राहतो, पण ती जागा आता रिकामी समजली जाते आणि पुढचा कार्यक्रम तिच्यावर लिहिला जातो. मधल्या काळात आमच्या डब्याने ऑलिंपिकचे कितीतरी तास टिपले होते. नीरज चोप्राचा ७ ऑगस्टचा ८७.५८ मीटरचा भाला कदाचित नेमका वडिलांच्या जागेवर पडला असेल. शिवाय असे डबे कार्यक्रम कुलूपबंद सांकेतिक रूपात लिहितात, त्यामुळे चकती काढून संगणकाला जोडली तरी काही वाचता येत नाही. मी एका दुरुस्तीवाल्याला विचारले. त्याने नुसती मान हलवली.

आत्या रागावली नाही. तिने एक प्रश्न विचारला, आणि तो मला अजून छळतो. "दादा कॅसेटचा कान मोडून टाकायचा. मग तिच्यावर कुणाला काही उतरवता यायचं नाही. या डब्याला कान कुठे आहे?"

व्हिडिओ कॅसेट तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली नसेल. जगातल्या शेवटच्या उत्पादकाने हे रेकॉर्डर बनवणे २०१६ मध्ये थांबवले. कॅसेटच्या कडेला प्लास्टिकचा नखाएवढा तुकडा असे. यंत्रातला एक दांडा तो चाचपून पाही, आणि तुकडा नसला तर यंत्र टिपायला साफ नकार देई. कार्यक्रमाला जागाही ठरलेली असे. फीत १२.७ मिलिमीटर रुंद, तासाला साधारण ८४ मीटर पुढे सरकणारी. बारा मिनिटांचे वडील म्हणजे जवळजवळ १७ मीटर फीत. हात लावून 'इथून इथपर्यंत' असे दाखवता आले असते.

आत्याच्या डोक्यात हे यंत्र होते, आणि ती त्याच्याशी अगदी सुसंगत वागत होती. एकदा ठेवले की ते राहते, मोडायचे तर कुणीतरी मुद्दाम मोडावे लागते. डब्याला कान आहे का, हे मी त्या रात्री शोधले. आहे! तीन पाट्या उघडून आत गेल्यावर, बारीक इंग्रजी अक्षरांत, 'हे राखून ठेवा' अशा अर्थाची एक ओळ. डबा घेऊन चार वर्षे झाली होती, ती ओळ मी एकदाही पाहिली नव्हती.

आता आत्याने काही टिपले की तिच्या वहीत तारीख आणि वेळ लिहिली जाते, आणि रात्री मी किंवा माझा मुलगा त्या नोंदीला कान लावतो (आम्ही उलटेच म्हणतो, 'कान मोडला'). वहीशी ताडून पाहिल्याशिवाय यादीतले काही पुसायचे नाही, हा नियम मला एकट्याला आहे.

तुम्हीही एक प्रयोग करून पाहा. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला कागद-पेन्सिल द्या आणि लाल बटण दाबल्यावर डब्यात काय होते याचे चित्र काढायला सांगा. तुमचे चित्र मात्र आधी काढून ठेवा. आम्ही हे केले तेव्हा आत्याने खणांचे कपाट काढले, एका खणाला कुलूप. मी चकती, वाचनशीर्ष, तारा असे सगळे नावांसह काढले. तिने माझा कागद बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "यात दादा कुठे होता?"

मी पेन्सिल घेऊन चकतीवर पाच-सहा ठिकाणी, एकमेकांपासून लांब, बारीक रेघा ओढून दाखवल्या.