लांब क्रियापदं, आखूड उच्चार

मागच्या वेळी आपण फ्रेंच स्वरांपाशी थांबलो होतो. आज लांब क्रियापदांकडे वळू. आम्ही वर्षानुवर्षं देकार्त डोळ्यांनी वाचला, पण फ्रेंच माणूस बोलायला लागला की काही कळेना. कारण साधं होतं: आम्ही चिन्हं मोजत होतो, अक्षरं नाही. कागदावर असतं ते चिन्ह, आणि एका स्वराभोवती उच्चारलं जातं ते अक्षर, एवढा भेद आज पाळू.

'ते बोलत होते' म्हणजे 'इल पार्ले'. या क्रियापदात चिन्हं नऊ, अक्षरं दोनच: पार्-ले. (हो, आपल्या मुंबईच्या पार्ल्यासारखंच!) शेवटची ए, आय, ई, एन, टी ही पाच चिन्हं मिळून एकच स्वर होतो. आणि 'मी बोलत होतो', 'तू बोलत होतास', 'तो बोलत होता' इथेही उच्चार 'पार्ले'च. मराठीत क्रियापदावरूनच कर्ता कळतो, म्हणून आपण 'मी', 'तू' सहज गाळतो. फ्रेंचमध्ये हा फरक कागदावरच उरला, म्हणून तिथे सर्वनाम गाळून चालत नाही.

बरं, 'तो' आणि 'ते' दोन्ही इथे 'इल'च ऐकू येतात. मग एक की अनेक? ते संदर्भावरून ओळखायचं. क्रियापद स्वराने सुरू होत असेल तर मात्र कान मदत करतो. 'त्याला आवडायचं' म्हणजे इ-ले-मे, 'त्यांना आवडायचं' म्हणजे इल्-झे-मे. मागचं व्यंजन पुढच्या स्वराला जाऊन चिकटतं, आणि एरवी मुका असलेला एस जागा होऊन 'झाड'मधल्या झसारखा बोलतो.

आता मधला दुबळा 'अ' पाहा. 'आम्ही देऊ' हे लिहिताना दॉ-न-रों, पण बोलताना दॉन्-रों. 'आम्ही बोलू' मध्ये तो 'अ' गाळला तर र-ल-र अशी तीन व्यंजनं एकमेकांवर आदळतील, म्हणून सहसा तो राहतो: पार्-ल-रों. 'देऊ'च्या संकेतार्थी रूपातही तो राहतो: दॉ-न-र्यों.

हे आपल्याला परकं वाटायला नको. आपण 'बोलतो' लिहितो आणि 'बोल्-तो' म्हणतो. अक्षरगणवृत्तात मात्र त्या 'ल'ला पूर्ण अक्षराचा मान मिळतो. फ्रेंच छंदातही तसंच: व्यंजनाआधीचा तो 'अ' मोजला जातो, आणि 'दॉ-न-रों' पुन्हा तीन अक्षरांचं होतं.

तेव्हा लांब रूप दिसलं की घाबरू नका. आधी स्वर मोजा, मग वाचा.