काळोख नीट दिसला पाहिजे!
भोर-वेल्ह्याकडे ट्रेकला जाणाऱ्यांना राजगडच्या संजीवनी माचीच्या दुहेरी तटातली चिंचोळी वाट ठाऊक आहेच. तिथं दडपते तशी छाती आंद्रे वायदांचा ‘कनाल’ (1957) दीड तास दडपतो. 1944 च्या वॉर्सा उठावातले सैनिक भुयारी गटारांतून सुटू पाहतात, एवढीच गोष्ट. आपल्याकडे फारसा न पाहिलेला हा पोलिश युद्धपट क्रायटेरियननं 2005 मध्ये साफसूफ करून डीव्हीडीवर आणला.

साफ करणं म्हणजे काय? सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे दीड तासाच्या 1,29,600! त्या स्कॅन करून ओरखडे पुसायचे. पण खरी मेख काळोखात आहे. जास्त उजळला तर भीती संपते, जास्त काळा ठेवला तर चेहरेच बुडतात. शेवटी लोखंडी जाळीपलीकडे नदीचा उजेड दिसतो. मला वाटतं, तो उजेड बोचायला आधीचा काळोख शाबूत हवा. म्हणून सांगतो, रूममधले दिवे घालवूनच बघा!