पाळीव सर्पांचे आहार-व्यवस्थापन : शास्त्रीय आधार, सुरक्षितता आणि कायद्याची मर्यादा

प्रस्तावना :

‘सापाला दूध पाजणे’ हा वाक्प्रचार मराठीत कृतघ्न व्यक्तीचे पोषण करण्याच्या अर्थाने रूढ आहे. त्यातील नीतिबोध बाजूला ठेवला, तर त्यामागील निरीक्षण मात्र चुकीचे आहे. दूध हे सर्पाचे अन्न नव्हे. सर्प हा पूर्णतः मांसाहारी प्राणी असून दूध हा सस्तन प्राण्यांच्या पिलांचा आहार आहे. नागपंचमीच्या निमित्ताने सर्प दूध पिताना दाखविला जात असे, तेव्हा तो बहुधा अनेक दिवस पाण्यावाचून ठेवलेला असे. तहानेने व्याकूळ झालेला प्राणी समोर आलेला कोणताही द्रव पितो. ते दूध त्याला नीट पचत नाही आणि बळजबरीने पाजल्यास श्वासमार्गात शिरून फुप्फुसाचा दाह होण्याचा धोका असतो. म्हणजेच श्रद्धेने दिलेला आहारही अज्ञानामुळे प्राणघातक ठरू शकतो.

अलीकडच्या काळात या प्रश्नाला आणखी एक परिमाण लाभले आहे. अमेरिका व युरोपातील अनेक देशांत सर्प पाळण्याचा छंद रुजला असून भारतातील महानगरांतही विदेशी सर्प घरी ठेवले जात आहेत. प्रस्तुत लेखात बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक या दोन बिनविषारी जातींच्या आधारे घरगुती आहार-व्यवस्थापनाची तत्त्वे विशद केली असून, भारतीय कायद्याच्या चौकटीत त्यांची मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

सर्पाची आहारप्रक्रिया :

सर्प अन्न चावत नाही. तो भक्ष्य सगळेच्या सगळे गिळतो. त्याच्या खालच्या जबड्याचे दोन्ही भाग समोरच्या बाजूस हाडाने सांधलेले नसून लवचीक बंधाने जोडलेले असतात. त्यामुळे डोक्यापेक्षा मोठे भक्ष्यही तो गिळू शकतो. मागे वळलेले दात भक्ष्य आत ओढण्यास साहाय्य करतात. मात्र याच रचनेमुळे अर्धवट गिळलेले भक्ष्य बाहेरून ओढून काढणे सर्पाला इजा करणारे ठरते.

सर्प हा परिसराच्या तापमानावर अवलंबून असणारा प्राणी आहे. शरीराची उष्णता टिकविण्यासाठी त्याला अन्न खर्ची घालावे लागत नाही. म्हणूनच त्याला रोज आहाराची गरज नसते. स्टीफन सेकॉर व जेरेड डायमंड या अमेरिकन संशोधकांनी १९९० च्या दशकात ब्रह्मी अजगरावर केलेल्या अभ्यासातून असे दिसून आले की, दीर्घ उपवासाच्या काळात त्याची पचनेंद्रिये आक्रसतात आणि भक्ष्य गिळल्यानंतर ती अल्पावधीत वाढून कार्यरत होतात. या काळात चयापचयाचा वेग कित्येक पटींनी वाढतो. या संपूर्ण क्रियेला बाह्य उष्णतेची आवश्यकता असते. तापमान अपुरे असेल, तर भक्ष्य पचण्याऐवजी पोटातच कुजू लागते व सर्प ते ओकून टाकतो. म्हणून सर्पाच्या आहाराचा विचार तापमानापासून सुरू करावा लागतो.

जातीनिहाय आहारातील भिन्नता :

‘साप उंदीर खातो’ हे विधान सर्वच जातींना लागू पडत नाही. आपल्याच परिसरातील उदाहरणे बोलकी आहेत. धामण उंदीर व बेडूक खाते; दिवड प्रामुख्याने मासे व बेडकांवर जगते; मण्यार इतर साप गिळते; कवड्या साप पाली खातो; तर गांडुळासारखा दिसणारा वाळा मुंग्या व वाळवी यांची अंडी आणि अळ्या खातो. महाराष्ट्रातून या शतकाच्या प्रारंभी पुन्हा नोंदविला गेलेला अंडीखाऊ साप केवळ पक्ष्यांच्या अंड्यांवर गुजराण करतो. यावरून एकाच प्रकारचे अन्न सर्व सर्पांना देणे कसे अशास्त्रीय आहे, हे लक्षात येते.

बॉल पायथन हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील लहान अजगर असून घाना, टोगो व बेनिन या देशांतून त्याची मोठ्या प्रमाणावर निर्यात होत आली आहे. भीती वाटल्यास तो अंगाचा चेंडूसारखा गोळा करतो, त्यावरून त्याला हे नाव मिळाले. निसर्गात तो लहान सस्तन प्राणी व पक्षी खातो. कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातील साप मुख्यतः उंदरांवर जगतो. दोन्ही जाती बंदिवासात उंदीर सहज स्वीकारतात, हे त्यांच्या लोकप्रियतेचे एक कारण होय.

आहाराचे प्रमाण व स्वरूप :

१) संपूर्ण भक्ष्य : सर्पाला मांसाचे तुकडे देणे अयोग्य आहे. भक्ष्याच्या हाडांतून कॅल्शियम व यकृतातून जीवनसत्त्वे मिळतात. केवळ कोंबडीच्या मांसावर ठेवलेल्या सर्पाची हाडे कमकुवत होतात. मासे खाणाऱ्या जातींच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. काही माशांमध्ये थायामिनेज हे विकर असते. ते ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करते व त्यातून चेतासंस्थेचे विकार उद्भवतात.

२) आकार : भक्ष्याची जाडी सर्पाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाइतकी किंवा त्याहून किंचित कमी असावी. वजनाच्या दृष्टीने वाढत्या पिलांसाठी शरीरभाराच्या सुमारे १० ते १५ टक्के हे प्रमाण सामान्यतः मानले जाते. प्रौढांसाठी ते याहून कमी ठेवतात.

३) वारंवारिता : पिलांना ५ ते ७ दिवसांनी, तर प्रौढांना जातीनुसार २ ते ४ आठवड्यांनी आहार पुरेसा होतो. बंदिवासातील सर्पांमध्ये उपासमारीइतकीच अतिपोषण ही समस्याही आढळते. लठ्ठ सर्पाच्या यकृतात मेद साचतो.

४) तापमान : बॉल पायथनच्या पेटीची उबदार बाजू सुमारे ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, तर कॉर्न स्नेकची २८ ते ३० अंश ठेवावी लागते. दुसरी बाजू थंड असावी, म्हणजे सर्प आपल्या गरजेनुसार जागा निवडतो. स्वच्छ पाणी सदैव उपलब्ध असावे.

जिवंत की मृत भक्ष्य?

‘सर्पाला शिकारीचा आनंद मिळावा’ या समजुतीने जिवंत उंदीर पेटीत सोडण्याची प्रथा दिसते. निसर्गात सर्पाला माघार घेण्यास जागा असते. पेटीत ती नसते. सर्प भुकेला नसेल, तर तोच उंदीर रात्रभरात सर्पाची कातडी कुरतडतो, डोळ्यांना इजा करतो. कित्येक सर्प अशा जखमांनी दगावतात. उंदराच्या वाट्याला येणारी भीती व वेदना हाही नैतिक प्रश्न आहेच. म्हणून मानवी पद्धतीने मारून गोठविलेले भक्ष्य देणे अधिक सुरक्षित मानले जाते.

असे भक्ष्य शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात बंद पिशवीत हळूहळू वितळवावे आणि देण्यापूर्वी पिशवीसह कोमट पाण्यात ठेवून उबदार करावे. मायक्रोवेव्हचा वापर टाळावा. त्यात बाहेरचा भाग शिजतो व आतला थंड राहतो. एकदा वितळलेले भक्ष्य पुन्हा गोठवू नये. घरात वा शेतात पकडलेले उंदीर कधीही देऊ नयेत. त्यांच्यात परजीवी असतात आणि उंदीरनाशक विष खाल्लेला उंदीर सर्पालाही विषबाधा करतो.

माणसांची सुरक्षितता :

सर्पाचा दंश बहुधा आक्रमकतेमुळे नव्हे, तर गैरसमजातून घडतो. हाताला उंदराचा वास असेल, तर सर्प हातालाच भक्ष्य समजतो. म्हणून भक्ष्य लांब चिमट्यानेच द्यावे. दोन सर्प एकाच पेटीत असतील, तर त्यांना स्वतंत्रपणे खाऊ घालावे. एकाच उंदराला दोघांनी पकडल्यास एक दुसऱ्याला गिळण्याचा प्रसंग येतो. आहारानंतर किमान ४८ तास सर्पाला हाताळू नये. मोठ्या अजगरांना एकट्या व्यक्तीने कधीही खाद्य देऊ नये.

याहून दुर्लक्षित धोका साल्मोनेला जिवाणूंचा आहे. निरोगी दिसणारे सरपटणारे प्राणी व खाद्य म्हणून दिले जाणारे उंदीर हे दोन्ही या जिवाणूंचे वाहक असतात. गोठविल्याने हे जिवाणू नष्ट होत नाहीत. अमेरिकेत २०१० साली अनेक राज्यांत झालेल्या संसर्गाचा संबंध गोठविलेल्या उंदरांशी जोडला गेला होता. ब्रिटनमध्येही अशा संसर्गाची नोंद आहे. म्हणून सर्पाचे खाद्य, भांडी व चिमटे स्वयंपाकघरापासून दूर ठेवावेत, प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत आणि पाच वर्षांखालील मुले, वृद्ध, गर्भवती स्त्रिया व प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या व्यक्तींना त्यापासून अलिप्त ठेवावे.

अन्ननकाराचा अर्थ :

सर्पाने अन्न नाकारले म्हणजे तो आजारी आहे, असे नव्हे. कात टाकण्याच्या काळात डोळे धूसर होतात व सर्प खात नाही. प्रौढ बॉल पायथन थंडीच्या किंवा प्रजननाच्या काळात काही महिने उपाशी राहू शकतो. वजन टिकून असेल, तर प्रतीक्षा करणे श्रेयस्कर. बळजबरीने तोंडात भक्ष्य कोंबणे हे केवळ पशुवैद्यकाचे काम आहे. सर्पाने भक्ष्य ओकल्यास तापमान तपासावे, सुमारे दोन आठवडे विश्रांती द्यावी व नंतर लहान भक्ष्य द्यावे. असे पुन्हा घडल्यास पशुवैद्यकीय तपासणी अनिवार्य ठरते.

भारतीय कायद्याची चौकट :

वरील विवेचन विदेशी जातींपुरते मर्यादित आहे, हे येथे अधोरेखित केले पाहिजे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित भारतीय सर्प घरी पाळता येत नाहीत. या कायद्यातील ‘शिकार’ या संज्ञेत प्राणी पकडण्याचाही समावेश होतो. २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापार-करारातील जातींसाठी स्वतंत्र अनुसूची जोडली गेली. बॉल पायथन या करारात समाविष्ट असल्याने २०२४ च्या नियमांनुसार त्याची परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करणे, तसेच हस्तांतर व पिलांचा जन्म कळविणे धारकावर बंधनकारक आहे.

महाराष्ट्राच्या संदर्भात याला विशेष महत्त्व आहे. गावोगावी सर्पमित्र कार्यरत असून त्यांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची संख्या लक्षणीय आहे. पकडलेला नाग वा घोणस ‘खाऊ घालून सोडू’ या सद्हेतूने घरी ठेवला जातो. हा हेतू शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. निरोगी सर्प काही दिवस अन्नावाचून सहज राहू शकतो. भेदरलेला सर्प खात नाही आणि खाल्ले तरी हाताळणीच्या ताणाने ओकून टाकतो. विषारी सर्पाला खाद्य देताना होणारी चूक तर पाळणाऱ्याच्याच जिवावर बेतते. अशा सर्पाची गरज अन्न नसून लवकरात लवकर सुटका ही आहे. त्यासाठी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळविणे हाच उचित मार्ग होय.

समारोप :

सर्पाला काय खाऊ घालावे, या प्रश्नाचे उत्तर त्याची जात, तापमान व शरीररचना यांतून मिळते; आपल्या भावनेतून नव्हे. दूध पाजणारा भाविक, जिवंत उंदीर सोडणारा छंदिष्ट आणि नागाला घरी ठेवणारा उत्साही विद्यार्थी या तिघांचाही हेतू वाईट नसतो. उणीव असते ती ज्ञानाची. ही उणीव भरून काढण्याची संधी प्राणिशास्त्राच्या तासापासून राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरापर्यंत अनेक ठिकाणी प्राध्यापकांना लाभते. ज्याला सर्पाबद्दल खरी आस्था आहे, त्या विद्यार्थ्याला कोणता सर्प पाळू नये, हे पटवून देणे सर्पाच्या आणि विद्यार्थ्याच्या दोघांच्याही हिताचे आहे.